कोलकात्याचा चंद्र

सह्याद्रीच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात वामन नावाचा एक दुकानदार राहायचा. वह्या, पेनं, रंगपेट्या विकायचा आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर आकाश धुंडाळायचा. ग्रहण कधी आहे, पहाटे कोणता ग्रह दिसेल, सगळं शोधून तो गणपतीच्या देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचा.

वेड चांगलंच होतं. खोट एकच. पी हळद अन् हो गोरी, असा त्याचा कारभार. शोधल्यावर जे सगळ्यात वर येईल, ते तो उतरवून मोकळा व्हायचा. ते कोणी लिहिलंय, कुठल्या ठिकाणासाठी लिहिलंय, हे खाली वाचत जायला त्याला धीर नसे.

गावाचा मात्र त्याच्यावर फार विश्वास. संकष्टीच्या चंद्रोदयासाठी लोकांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघणंसुद्धा सोडलं होतं.

त्याच गावात द्वारकाकाकू राहायच्या. त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, चंद्र लवकर असेल तरच उपास करा. उशिरा असेल तर दिवेलागणीला दोन घास खाऊन घ्या. म्हणून काकू आधी फळा वाचायच्या आणि मग ठरवायच्या.

एका संकष्टीला वामनने लिहिलं, चंद्रोदय आठ वाजून दहा मिनिटं. काकूंनी आनंदाने उपास धरला.

रात्री नैवेद्याची ताटं झाकून सगळे देवळासमोर जमले. साडेआठ होऊन गेले. आकाश स्वच्छ होतं, पण चंद्राचा पत्ता नव्हता. मोदकांच्या वासाने पोरं कासावीस झाली. लोक वामनकडे बघू लागले. डोंगराआड असेल, येईलच आता, असं म्हणून तो बाजूला गेला आणि त्याने मोबाईल उघडला. या वेळी तो खालपर्यंत वाचत गेला. वेळेखाली बारीक अक्षरांत शहराचं नाव होतं, कोलकाता. तिथे चंद्र आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो.

वामनने मोबाईल खिशात टाकला. गप्प बसलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. उशिराचा दोष डोंगराच्या माथी गेला असता, आणि डोंगर काही बोलायला येत नाही.

तेवढ्यात त्याचं लक्ष पायरीवर गेलं. द्वारकाकाकूंना दरदरून घाम फुटला होता. त्यांची सून सुलभा साखरपाण्याची वाटी पुढे करत होती आणि काकू तोंड फिरवत होत्या.

"अगं, वामनने लिहिलंय ना? मग येईलच आता."

ते ऐकून वामनला राहवलं नाही. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "काकू, चूक माझी आहे. मी न वाचता कोलकात्याची वेळ लिहिली. आपल्याकडे चंद्राला अजून पुष्कळ अवकाश आहे. तुम्ही थांबू नका."

काकूंनी गणपतीला हात जोडले आणि वाटी तोंडाला लावली. हळूहळू त्यांना हुशारी आली. मग काय, पुढच्या खेपेला लंडनचा चंद्र आण, असे टोमणे सुरू झाले.

पण वामनने शोधणं सोडलं नाही. आता तो आधी गावाचं नाव बघायचा, तारीख बघायची विसरायचा नाही, आणि दोन ठिकाणी ताडून मगच खडू उचलायचा. चंद्राला डोंगर चढून यायला आणखी किती वेळ लागतो, हे त्याने अंगणात उभं राहून स्वतः पाहिलं. इंटरनेटवरच्या वेळेत त्यांच्या गावचा डोंगर धरलेलाच नव्हता.

पुढच्या संकष्टीला फळ्यावर वेळ होती, ती कुठून घेतली तेही होतं. खाली एक ओळ जास्तीची होती : 'चंद्र उशिरा आहे. द्वारकाकाकूंनी उपास धरू नये.'

काकू ती वाचून हसल्या. वामनला म्हणाल्या, "त्या दिवशी चंद्र चुकला, पण तू वेळेवर बोललास. म्हणून आज मी हा फळा वाचतेय."

तात्पर्य : हाताशी आलेलं ज्ञान कोणाचं आणि कुठलं, हे पारखूनच दुसऱ्याला द्यावं, आणि चुकलंच, तर आपली लाज राखण्याआधी दुसऱ्याचा जीव राखावा.