बत्तीस पत्ते, दहा पुस्तकं

“आणि हाच पत्ता उलटा पडला तर?” तिरझाने विचारलं.

हझानकाकांनी चटईवर वाकून पाहिलं. “उलटा कुठाय? मला सरळ दिसतोय.”

“तुम्ही समोर बसलात म्हणून.”

“हं. घरी कोण बसतं समोर?”

तिरझाने पत्ता बोटाने फिरवून ठेवला.

घरी कोणीच नव्हतं. दीड वर्षापूर्वी आई आणि धाकटा भाऊ इस्रायलला गेले. एमएससीचं शेवटचं वर्ष होतं म्हणून ती अलिबागच्या फ्लॅटमध्ये मागे राहिली. वर्ष संपलं, निकाल लागला, मैत्रिणी पुण्या-मुंबईला गेल्या, आणि ती मात्र अजून मागेच होती. आईने तिकडे स्थायिक होण्याचे कागद पाठवले होते. बुधवारच्या आत सही करून परत धाडायचे. जायचं म्हटलं की गावाबाहेरची पप्पांची कबर डोळ्यांसमोर यायची. राहायचं म्हटलं की संध्याकाळचा फ्लॅट.

हा गुंता सुटावा म्हणून तिने पत्ते मागवले होते. बत्तीस पत्ते, कबाला नावाच्या जुन्या यहुदी गूढविद्येवरून केलेले. दहा पत्ते देवाच्या दहा तेजांचे, बावीस हिब्रू अक्षरांचे. दहा पत्त्यांचं एक झाड मांडायचं, मनात प्रश्न धरायचा आणि एक पत्ता उघडायचा. सकाळी ‘कृपा’ निघायची, म्हणजे जा. संध्याकाळी ‘निग्रह’, म्हणजे थांब. सोबतच्या पुस्तिकेत एकेका पत्त्याचे सहा-सहा अर्थ दिलेले, त्यातला आपला कोणता, ते कुठेच नाही.

चूक पत्त्यांची नाही, आपलं शिक्षण कच्चं आहे, असं तिने ठरवलं. शिकायचं तर मुळापासून. म्हणून दीड महिना ती दर गुरुवारी एसटीने या समुद्राकाठच्या गावी येत होती. इथली बेने इस्रायल यहुद्यांची घरं एकेक करून बंद झाली होती. उरले होते फक्त बिन्यामीन हझान. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे. वय ब्याऐंशी. तरुणपणी कोचीनच्या एका गुरूने त्यांना पाटीवर ते झाड काढून शिकवलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, की भविष्य मला येत नाही, झाड येतं. तिरझाला ते म्हाताऱ्यांचं नेहमीचं आढेवेढे घेणं वाटलं. पुढचे पाच गुरुवार त्यांनी तिला दहा पत्ते मांडायला आणि उचलायला लावले. मांड, उचल. प्रश्न विचारायचा नाही. ती मांडत असताना ते बोंबील निवडत, नाहीतर डुलकी काढत. तिसऱ्या गुरुवारी ती वैतागून म्हणाली होती, की काका, यूट्यूबवर हे सगळं तीन तासांत शिकवतात. ते डोळे न उघडता म्हणाले होते, “मग चौथ्या तासाला इथे कशाला आलीस, बाय?”

आज प्रथमच त्यांनी पत्ता उघडू दिला होता. आणि आता हे... समोर कोण बसतं.

“मला बुधवारच्या आत उत्तर द्यायचंय,” ती म्हणाली. “तुम्हाला अर्थ सांगायचा नसेल तर तसं सांगा. माझे गुरुवार वाया घालवू नका.”

त्यांनी पत्ते गोळा केले, कडा जुळवल्या आणि तिच्या हातात दिले.

“शनिवारी सकाळी ये. हे आणू नकोस.”

शनिवारी ती पोचली तेव्हा ते सिनेगॉगमध्ये कपाटापाशी उभे होते. प्रार्थनेची पुस्तकं एकेक काढून, सदऱ्याच्या बाहीने पुसून बाकांवर ठेवत होते. दर पुस्तकाला एक जागा. तिने मोजली. दहा. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

“कोण कोण येणार आहे?”

“कोणी नाही.”

“कधीपासून?”

“शिमशोन गेला मुलाकडे, तेव्हापासून. अकरा वर्षं झाली.”

“मग दहा पुस्तकं कशाला?”

“नऊ ठेवू?”

तिला हसू आलं, आणि त्याचाच राग आला. ती म्हणाली, “मी आलेय ना. मला धरा.”

“बायकांना धरत नाहीत.”

“कोणी ठरवलं?”

“मी नाही.”

“मग मोडा.”

“तू दहा पुरुष गोळा कर,” काका म्हणाले. “मग दोघं मिळून त्यांच्याशी भांडू.”

बायकांनी बसायचं ते वर, माडीवर. तिरझाने जिन्याकडे पाहिलं, आणि खालच्याच पहिल्या बाकावर जाऊन बसली. बसताना मुद्दाम बाक वाजवला. काकांनी मान वर केली नाही. तिला जागेवरून उठवलंही नाही. शाल खांद्यावर घेऊन ते वाचू लागले.

आवाज चिरका होता, पण घाई नव्हती. तिला हिब्रू लागत नव्हतं, तरी चाल ओळखीची होती. मग ते एकाएकी थांबले.

पान विसरले, असं तिला वाटलं. नाही. बोट ओळीवर होतं. ओठ मिटलेले. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, त्याचा आवाज येत राहिला... बऱ्याच वेळाने बोट हललं, आणि ते पुढचं वाचू लागले.

थोड्या वेळाने पुन्हा तसंच. या खेपेला ती कुजबुजली, “काका, बरं वाटत नाहीये का?”

“दहा असले तरच म्हणायचं, असं काही असतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “ते मी म्हणत नाही. त्याला लागतो तेवढा वेळ थांबतो.”

“आणि मग?”

“मग पुढचं पान.”

ती मागे टेकून बसली. कोणी येणार नाही हे या माणसाला पक्कं माहीत होतं. पत्ता न उघडता माहीत होतं. अकरा वर्षं, दर शनिवारी. आणि ती, जिला काहीच माहीत नव्हतं, कुणीतरी सांगेपर्यंत जागची हलायला तयार नव्हती. तिला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. विचारावंसं वाटलं, की या थांबण्याचा कुणाला उपयोग, ऐकतं कोण.

शेवटाकडे ते तिसऱ्यांदा थांबले. आता तिला समजलं, इथे काय यायला हवं होतं. मेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना. पप्पा गेले तेव्हा भावाने म्हटली होती. मुंबईहून गाडी करून माणसं आणली होती, दहा भरायला.

काका गप्प उभे होते. बाकांवरची नऊ पुस्तकं मिटलेली. तिच्या शेजारचं पुस्तक तिने कधी मांडीवर घेतलं, तिला कळलं नाही. उघडलं नाही, नुसतं धरून बसली. वेळ खूप लांबला, की तिलाच तसा वाटला... ही शांतता पप्पांनाही पुरेल का, असं तिच्या मनात आलं.

काकांनी पान उलटलं.

सगळं संपल्यावर त्यांनी शाल काढली, घडी घातली, आणि पुस्तकं तशीच राहू देऊन बाकावर टेकले. धाप लागली होती. तिरझा त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. दीड महिना मनातल्या मनात पत्त्यांना विचारलेला प्रश्न तिने आजवर मोठ्याने कुणालाच विचारला नव्हता. आईलाही नाही.

“काका,” ती म्हणाली, “मी जाऊ, की राहू?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातलं पुस्तक घेऊन शेजारी ठेवलं.

“अकराची एसटी आहे ना तुझी?”

“हो.”

“मग नीघ. दार लोटून घे...”

ती उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

“कडी लावू नकोस.”