बरणीवरचं रबर

“मग रबराचा मूळ आकार कुठला, आई?”

गुणाजी विचारत होता आवडाआईंना. त्यांचा मठ दोडामार्गच्या डोंगरात, रबराच्या बागेला लागून. कुंपणापलीकडे झाडांचा पांढरा चीक करवंट्यांत ठिबकत होता.

आई पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या.

“करवंटीत पडला की करवंटीएवढा,” गुणाजी म्हणाला. “पुढे त्याचीच चप्पल होते, चेंडू होतो. पोरांचं खोडरबर होतं. मग खरा तो कुठला?”

“तुला कुठला वाटतो?”

गुणाजीची मान ताठ झाली. उत्तर तो घरूनच घेऊन आला होता. डोकंही घरूनच भादरून आला होता, कुणी सांगितलेलं नसताना.

“ताणून सोडल्यावर उरतो, तो. आई, मी आता तसा झालोय. घरची म्हातारी, माझी जन्मदाती, रोज निरोप धाडते, तू आल्याशिवाय जेवणार नाही म्हणून. मी जातो. ती जेवते, रडते, हात धरून बसते. मी ताणला जातो. पण इथं परतलो की जसाच्या तसा! आता दीक्षा द्या. म्हणजे ते जाणंही सुटेल.”

“आणि म्हातारी?”

“शेजारी आहेत की.”

“हं... डोकं फार लवकर भादरलंस. ऊन लागेल.”

आईंनी सूप खाली ठेवलं. कोनाड्यातली गुळांब्याची बरणी काढून त्याच्यापुढे सरकवली. तोंडावर फडक्याचा दादरा, आणि दादऱ्याभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलेलं कडं.

“हे काढ.”

गुणाजीनं कडं ओढून काढलं. तळहातावर ते चटकन आखडलं. बांगडीहून लहान. फडकं घसरून पडलं.

“बघा! आलं की नाही मूळ आकारात?” तो हरखला. “एवढी बरणी धरून होतं, पण तिचा मागमूस नाही अंगावर.”

“नाही खरा.”

“मोकळं झालं!”

“झालं. आता काय करतंय ते?”

“काही नाही. नुसतं आहे.” त्याचे डोळे चमकले. “हीच ना ती अवस्था, आई?”

आई पुन्हा तांदूळ निवडू लागल्या...

गुणाजीनं कडं उलटसुलट करून पाहिलं. दोन बोटांत ताणलं, सोडलं. परत ताणलं. या वेळी सोडता सोडता थांबला.

पडवीच्या कडेनं मुंग्यांची रांग निघाली होती. पहिली मुंगी बरणीच्या काठावर चढली, आत डोकावली.

“आई...” गुणाजीचा आवाज उतरला होता. “दीक्षा कधी द्याल?”

आईंनी मान वर केली नाही.

“बरणी उघडी आहे, झिला.”