भागरथाचं टोपलं

ही हकीकत नीट आठवते आहे, असं ठामपणे म्हणवत नाही. ऐकली तेव्हा सांगणारेच आपसात भांडत होते. भागरथा कोणाची सून, यावरही त्यांचं एकमत नव्हतं. पण तळ्याबद्दल सगळे एकच बोलत, म्हणून तळ्यापासून सुरुवात केलेली बरी.

भंडाऱ्याकडच्या तळ्यांच्या मुलखात एक गाव होतं. गावाच्या वर तळं, तळ्याला मातीची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. आजच्या म्हाताऱ्यांच्या आज्यांनीही पाहिला नसेल अशा एका पावसाळ्यात ती पाळ फुटली. पाणी गेलं, मागे गाळ राहिला. पाळ बांधायला माणसं लावायची, तर त्यांच्या पोटाला धान हवं. गावाने बैठका घेतल्या. जो तो म्हणाला, आधी शेजाऱ्याने द्यावं. पाटील म्हणाले, "तळं सरकारचं. सरकार बांधील."

तळ्याकाठी ढिवरांची वस्ती होती. मासे आणि शिंगाडे यांवरच तिचं पोट. एकेक घर चुलीचे दगड तसेच टाकून परमुलखी निघालं. भागरथा त्या वस्तीतली म्हातारी, एकटीच. तिचा नवरा त्याच तळ्यात बुडाला होता, आणि त्याला तिथे सोडून जायला ती तयार नव्हती.

त्या मुलखात शेजारून आलेलं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. काही नसलं तर मिठाचा खडा टाकतात. भागरथाने टोपल्यात कोरड्या तळ्यातला काळा गाळ भरला आणि पहिल्या दारी नेऊन ओतला.

"काहून वो भागरथे, चिखल वाटून रायली का?" घरधनीण हसली.

"खत हाये जी. बांधीत टाका, धान पाहा कसं येते ते."

"अन् हे टोपलं?"

"ते माहं हाये. रीत तुम्हाले ठाऊक."

बाईचं हसू थांबलं. ती आत गेली आणि टोपल्यात धान घेऊन आली.

असं म्हणतात, त्या उन्हाळ्यात ते टोपलं जमिनीला टेकलं नाही. गाळ घेऊन जायचं, धान घेऊन यायचं. तळं खोल होत गेलं, धानाची रास चढत गेली. माती खणणारे आले, पाळ उभी राहू लागली. टोपलं तिच्या डोक्यावर वीतभर तरंगत चालायचं, असंही म्हणतात. ते खरं असेलच असं नाही. पण सांगणाऱ्याने आपल्या मनाने वगळावं, असंही नाही.

फक्त पाटलांच्या घरून टोपलं रिकामं आलं. भागरथा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, मग रोजच जाऊ लागली. इकडे रास संपत आली, पाळीचं शेवटचं खिंडार तसंच राहिलं आणि आभाळ भरून येऊ लागलं.

"ओत, ओत," पाटील ओसरीवरून म्हणत. "तुझी मान दुखेल, माझं अंगण नाही भरायचं."

"अंगण मोठं हाये जी तुमचं," भागरथा म्हणाली. "मन बी होईल."

आणि एका सकाळी, न्हाणीचं पाणी अंगणातल्या गाळात मुरत होतं तिथे, कमळ उमललेलं दिसलं. पाटलांची आई कैक वर्षं खाटेवरून उठली नव्हती. ती भिंत धरत दारात आली, असं म्हणतात.

"लेका, तळं चालत आलं तुझ्या दारी," ती म्हणाली. "त्याले रिकाम्या हातानं धाडतं का?"

पाटलांनी कोठी उघडली. धानाने भरलेली बैलबंडी त्यांनी स्वतः हाकत पाळीवर नेली. खिंडार बुजलं आणि त्याच संध्याकाळी पाऊस उतरला. पुढच्या वर्षी ढिवरांची घरं परत आली आणि जुन्याच दगडांवर चुली पेटल्या. भागरथा मात्र पाळीवर बसलेली असे. एके दिवशी ती तिथे नव्हती. पाण्यावर कमळं तेवढी होती.

अजूनही दर उन्हाळ्यात तळ्यातल्या गाळाचं पहिलं टोपलं गावात फिरतं. नवी सून ते डोक्यावर घेते आणि दारोदारी "भागरथा आली" म्हणून हाक देते. कोणी धान घालतं, आता कोणी नोटाही घालतं. त्यातूनच पाळीची डागडुजी होते.

कमळाबद्दल खात्री देता येणार नाही. पण बऱ्याच वर्षांनी त्या गावात जाऊन एवढं पाहून घेतलं: पाटलांचं अंगण रस्त्यापेक्षा कमरेइतकं उंच आहे, आणि अंगणातून त्यांच्या घरात शिरायला पायऱ्या उतराव्या लागतात.