शेंदराखालचा सिदोजी

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या तरुण शिष्याला म्हणाले, "या वर्षी वीरबाबाच्या उत्सवात तू बोलायचं." शिष्याला आकाश ठेंगणे झाले. आजवर आचार्यांच्या मागे बसून मान डोलावण्यापलीकडे त्याच्या वाट्याला काही आले नव्हते. आता सारी पंचक्रोशी त्याचे ऐकणार होती.

ज्याच्याविषयी बोलायचे तो वीर त्याच गावचा. नाव सिदोजी, पण ते नाव आता कोणी घेत नसे. मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा तो राजाच्या सैन्यात गेला. पहिल्याच लढाईत जखमी सरदाराला पाठीवर घेऊन त्याने भरली नदी पार केली आणि राजाने भर दरबारात त्याच्या मनगटात सोन्याचे कडे घातले. पुढच्या मोहिमेत खिंड राखताना तो पडला. गावाने वेशीजवळ चौथरा बांधून त्यावर त्याचा वीरगळ, म्हणजे त्याची मूर्ती कोरलेला पाषाण, उभा केला.

इथवर सारे यथायोग्य झाले. पण आपल्या लोकांचा हात एकदा शेंदराच्या वाटीत गेला की लवकर बाहेर येत नाही. कोणीतरी नवस बोलला, तो फळला आणि वीरगळाला शेंदूर चढला. मग थरावर थर. काही वर्षांत डोळे, नाक, तलवार सारे बुजून एक गुळगुळीत तांबडा गोळा उरला आणि सिदोजीचा वीरबाबा झाला. देव म्हटल्यावर सोवळे आले, बायकांनी चौथऱ्यावर चढायचे नाही असा दंडकही आला. त्या दंडकातून सिदोजीची आई सुटली नाही. तिला सोडावे असे कोणाला सुचलेही नाही.

शिष्याने भाषण जय्यत तयार केले. 'ज्याला भय ठाऊक नव्हते, ज्याने कधी मागे वळून पाहिले नाही' हे वाक्य तर त्याला स्वतःलाच इतके आवडले की तो ते आंघोळ करतानाही म्हणे. उत्सवाच्या आदल्या दिवशी, केवळ रीत म्हणून, तो सिदोजीच्या आईला, म्हाताऱ्या भागाईला, भेटायला गेला आणि मोठ्या उत्साहाने ते वाक्य त्याने तिला ऐकवले.

"मागं बघितलं नाही कसं? बघितलं की!" भागाई म्हणाली. "वळणावर थांबला आन् बघतच राहिला. त्या खेपेला जायचंच नव्हतं त्याला. लहान असल्यासारखा माझा हात धरून बसला होता. दगड घडवणाऱ्या पाथरवटाला मी सांगितलं, माझा सिदू जसा गेला तसाच काढ." मग तिने आवाज खाली आणला. "लेकरा, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागलीय. पुढल्या सालच्या उत्सवापर्यंत काही दिसंल असं वाटत नाही. एकदा त्याचं तोंड बघू द्या म्हणावं. तुझ्या गुरूचा शब्द गाव मोडायचं नाही."

"बरं आजी," म्हणून शिष्य उठला. आचार्यांना त्याने सगळे सांगितले, पण हसत हसत. "म्हातारीला भ्रम झालाय. वीरबाबा म्हणे घाबरला होता!"

आचार्य हसले नाहीत. "उद्या सकाळी तेल गरम करून घे," एवढेच म्हणाले.

शिष्याला वाटले, देवाला अभ्यंग असेल. पण उत्सवाच्या सकाळी आचार्य चौथऱ्यावर चढले, वीरबाबावर तेल ओतले आणि लाकडी उलथन्याने शेंदूर खरवडू लागले. तेलाचे भांडे शिष्याच्या हातात होते. दर वर्षी याच हातांनी आचार्य इथे पूजा करत. मग हे काय चालले होते? गुरूला अडवावे तर पाप, मदत करावी तरी पाप. शेवटी भांडे धरून उभे राहणे एवढेच त्याला जमले.

हां हां म्हणता गाव गोळा झाले. पाटील ओरडला, "आचार्य, देवाचं कातडं सोलताय काय?" पण आचार्यांचा हात धरायला कोणी धजेना. शेंदराची ढेपळे पडत गेली आणि आतून एका कोवळ्या पोराचा चेहरा बाहेर आला. पाऊल खिंडीकडे टाकलेले, हातात तलवार, मनगटात कडे. मान मात्र मागे, गावाकडे वळलेली.

शिष्याने ती मान पाहिली आणि त्याला आपले लाडके वाक्य आठवले.

"झाका, झाका," पाटील हळूच म्हणाला. "आता शेजारची गावं येतील. आपला वीर मागं बघतोय म्हटल्यावर काय अब्रू राहील?"

शिष्य गोंधळून म्हणाला, "आचार्य, मला काहीच कळत नाही. हा भ्याला असेल तर वीर कसा? आणि वीर होता तर मान अशी का?"

आचार्यांनी उलथने खाली ठेवले. "ज्याला मरण नाही, त्याने खिंडीत उभे राहण्यात कसले धैर्य? हा देव नव्हता. याला आई होती, घर होते, जगायची इच्छा होती. ते सारे डोळ्यांसमोर असताना याचे पाऊल पुढे पडले. राजाने कडे दिले ते नदीसाठी. याचे खरे शौर्य या मानेत आहे आणि तीच आपण बुजवली. का? तर देव नारळावर संतुष्ट होतो. पण एका भ्यालेल्या पोराने आपल्यासाठी जीव दिला म्हटले, की त्याच्यापुढे काय ठेवावे, हे आपल्याला सुचत नाही."

मग ते खाली उतरले आणि गर्दीत उभ्या असलेल्या भागाईचा हात धरून तिला चौथऱ्यावर घेऊन आले. पाटलाने बाजूला होऊन वाट दिली.

भागाईने आपला चेहरा दगडाच्या अगदी जवळ नेला. पदराने त्याच्या गालावरचे तेल पुसले. बराच वेळ ती नुसती पाहत राहिली.

"कान जरा मोठं काढल्यात," ती म्हणाली. "पण हाच."

पाटील चाचरत म्हणाला, "आजी, लोकांची श्रद्धा आहे. शेंदूर आता लावायचा की नाही?"

"लावा की. तोंड सोडून लावा."

दुपारी माणसांनी वेस फुलून गेली. शिष्य बोलायला उभा राहिला तेव्हाही त्याचा गोंधळ पुरता मिटला नव्हता. समोरच्या त्या पोराला हात जोडावेत की त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, हे त्याला ठरवता येईना. पाठ केलेले सारे कुठल्या कुठे गेले होते.

"सिदोजीला जायचं नव्हतं," तो म्हणाला आणि पुढे काय बोलावे ते न सुचून थांबला. गर्दीत चुळबूळ झाली.

चौथऱ्यावरून भागाई म्हणाली, "थांबू नको, बोल. इतक्या वर्षांत आज कोणीतरी माझ्या पोराचं बोलतंय."