ओला पापुद्रा

चूक डॉ. श्रीधर अभ्यंकरांची होती. चौकशी समिती काहीही म्हणो.

"मग बॅटरीचा सेल पेटला कसा?" नेरूरकर बाईंनी विचारलं.

बाई त्यांच्या गुरू, आता निवृत्त. अभ्यंकर विभागप्रमुख, साठीला टेकलेले, पण इथे बाईंच्या दारात पायरीवर बसले होते. हातात झाकण लावलेली काचेची बशी. आत त्यांच्या उच्चांकी फिल्मचा, म्हणजे बॅटरीत बसवायच्या पॉलिमरच्या पापुद्र्याचा, उरलेला तुकडा.

"हलगर्जीपणा, बाई. रेश्मा तांबोळीचा. माझ्या हाताखाली पीएचडी करते."

मोठ्यांच्या चुकीला नाव नेहमी लहानांचं.

"तिचा हात?"

"दोन बोटं काढावी लागली..."

अभ्यंकरांनी बशी पुढे केली.

"समितीला दोन ओळी लिहा, फिल्म निर्दोष होती म्हणून. तुमचा शब्द कोण मोडणार? घन पॉलिमर आहे, बाई. गळत नाही, भडकत नाही. आणि लिथियमचे आयन असे धावत होते की..."

"आयन आपणहून धावतो का रे?"

"नाही. पॉलिमरची साखळी वळवळते. एक वळण त्याला सोडतं, पुढचं धरतं. तसा तो सरकतो."

"खोलीतल्या गारव्यात किती वळवळते?"

"...फारशी नाही."

"मग तुझा आयन कशातून पळाला?"



बाईंनी बशी घेतली, झाकण काढलं आणि अभ्यंकरांच्या नाकाखाली धरली. गोडसर, उग्र वास. पॉलिमर ज्यात विरघळवून ओततात, त्या द्रावकाचा. काडी दाखवली की पेट घेणारा.

"पुरती सुकायच्या आधी ओव्हनमधून कुणी काढली?"

"कंपनीची माणसं आली होती. प्रात्यक्षिक होतं..."

"रेश्मा काही म्हणाली?"

"ओली आहे म्हणाली."

"आणि तू?"

"आकडा बघ आणि गप्प बस, म्हटलं."

"आम्ही पापडसुद्धा ओला डब्यात भरत नाही, श्रीधर."

अभ्यंकरांचा चेहरा पांढराफटक पडला.  मग आवाज खाली आणून म्हणाले,

"झाकण उघडं ठेवलं तर उद्यापर्यंत वास उडून जाईल, बाई. ते पत्र तेवढं..."

बाईंचा झाकण धरलेला हात हवेतच थांबला. दारात कुणी अनोळखी माणूस यावा, तशा त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मग झाकण घट्ट लावलं. बशी स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"डॉक्टर अभ्यंकर," त्या म्हणाल्या, "यापुढे मला बाई म्हणू नका."