आणखी एक घडा

कुंभवती नगरात उदयभद्र राजाचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व त्याच राजाचा भूमापक होऊन जन्माला आला होता. नाव भद्रिल. खांद्यावर मोजणीची दोरी, पाय अनवाणी आणि बोलणं बेताचं. आई लहानपणीच गेली, तेव्हा विणकर आळीतल्या नंदा आत्याने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आत्याची माया मोठी आणि तोंड त्याहून मोठं. तिचा धपाटा खाल्ला नाही असं आळीत एकही पोर नव्हतं.

एका फाल्गुनात विणकर आळीला आग लागली. चाळीस घरं जळाली. माणसं वाचली, एवढंच काय ते नशीब. सगळे वेशीबाहेर वडाखाली येऊन राहिले. आत्याची सून रोहिणी गरोदर होती आणि आषाढात तिचे दिवस भरत होते. "माझ्या नातवंडाने उघड्यावर जन्म घ्यायचा नाही," आत्या येईल त्याला सांगे. "पाऊस पडायच्या आत मला छप्पर पाहिजे."

तेव्हा मणिगुप्त श्रेष्ठी पुढे आला. तळ्याला लागून त्याची सपाट जमीन होती, ती तो वसाहतीसाठी द्यायला तयार झाला. माणूस वाईट नव्हता, उतावळा होता. विणकर आपल्या पेठेजवळ आले तर व्यापार वाढेल, हेही तो लपवत नव्हता. राजाने विचारायच्या आधीच त्याने खुंट्या ठोकून चाळीस जागा आखल्यासुद्धा.

राजा म्हणाला, "भद्रिल, जागेची परीक्षा कर. तू हो म्हणालास की घरं बांधू."

त्या राज्यात नव्या वस्तीसाठी घडा-परीक्षेची रीत होती. घर उभं राहायचं तिथे गुडघाभर खड्डा खणायचा आणि त्यात घडाभर पाणी ओतायचं. विडा चघळून होईपर्यंत मातीने पाणी पिऊन टाकलं तर जागा चांगली. वैशाखातल्या एका सकाळी सगळे जमले. पहिला खड्डा आत्याच्या घराच्या जागेवर खणला आणि घडा तिने स्वतः कमरेवर आणला. जमीन उन्हाने तडकली होती, एकेका भेगेत हात जाईल अशी. पाणी ओतलं आणि दिसेनासं झालं. श्रेष्ठीचा विडा अजून हातातच होता.

"झालं की!" आत्याने टाळी वाजवली. "आता हो म्हण, बाळा."

भद्रिल खड्ड्याशी उकिडवा बसला. पाणी मातीने प्यायलं नव्हतं, भेगांनी प्यायलं होतं. समोर उथळ पाण्यात सारसांची जोडी उभी होती, आणि गेल्या पावसाळ्यात तळं जिथवर चढलं होतं ती काठरेघ खुंट्यांच्या पार मागे वाळलेल्या गवतात दिसत होती. आत्याच्या तोंडाकडे बघून त्याचा जीव तुटला. हो म्हणणं किती सोपं होतं!

"आणखी एक घडा," तो म्हणाला.

दुसराही गेला. तिसरा सावकाश गेला. चौथ्याला श्रेष्ठीचे दोन विडे संपले. काळी माती फुगत होती, भेगा मिटत होत्या. पाचवा घडा ओतला आणि पाणी तसंच राहिलं. सावली पायाशी आली तरी हललं नाही.

"अरे मेल्या!" आत्या रडकुंडीला आली. "एका घड्यावर सगळ्यांचं भागतं. माझ्याच घराला पाच कशाला ओतलेस?"

"आत्या, पावसाळा एक घडा ओतून थांबेल का?" भद्रिल म्हणाला. "आषाढात ही जागा तळ्याचीच असते. रोहिणीची बाज पाण्यात ठेवू का?"

आत्याने रिकामा घडा पालथा ठेवला. वडाखालच्या माणसांना काय सांगायचं, हे कोणालाच सुचेना.

मग भद्रिलने दोरी उचलली आणि राजाला म्हणाला, "महाराज, टेकाडावर माझं वडिलोपार्जित तिळाचं शेत आहे. मुरमाड आहे, पाच घडे पिईल. चाळीस घरं मावतील."

"आणि तू काय पिकवशील?"

"मी मोजणी करीन, आत्या जेवायला घालील."

"घालते तर!" आत्या डोळे पुसत म्हणाली. "आधी दोन धपाटे घालते."

टेकाडावरही त्याने पाच घडे ओतूनच पाहिले. श्रेष्ठी थोडा वेळ गाल फुगवून बसला, मग त्यानेच बांबूच्या गाड्या पाठवल्या. सगळं नगर राबलं. मृगाच्या आत चाळीस छपरं उभी राहिली.

आषाढात तळं भरलं आणि आखलेल्या जागांवर पसरलं. खुंट्यांची फक्त टोकं वर राहिली, त्यांवर खंड्या पक्षी येऊन बसत. टेकाडावर कोरड्या जमिनीवर रोहिणीला मुलगी झाली. आत्याने तिला कुंचीत गुंडाळून दारात आणलं, पाणी दाखवलं आणि म्हणाली, "ते बघ, तिथे तुझं घर होणार होतं. तुझ्या काकाने माझा राग ओढवून घेतला, पण तुला भिजू दिलं नाही."

ही गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, हसले आणि भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा श्रेष्ठी म्हणजे रोज सगळ्यांच्या आधी पात्र घेऊन उभा राहणारा आपला भिक्षू चुल्लक. तुम्हा सगळ्यांना दटावून पोटभर वाढणारी ती वृद्ध उपासिका म्हणजे तेव्हाची आत्या. ती मुलगी आज तिचीच नात आहे. उदयभद्र राजा म्हणजे आपल्या विहाराला जागा देणारा गृहपती, आणि भद्रिल मीच होतो. आपल्या माणसाच्या रागाला न भिता जो आणखी एक घडा ओतून पाहतो, त्याच्या मनात मैत्री असते. तीच मैत्रीपारमिता, पूर्णत्वाला पोचलेली मैत्री."