कोथिंबिरीची परी आणि एकवीस शाली

हिरडेवाडीत शेवंती नावाची एक चिमुरडी राहत होती. तिच्या घरी धान्याचा डबा सदा तळ दाखवायचा, आणि तिच्या परकराला इतकी रंगीबेरंगी ठिगळं होती की मूळ कापड कोणतं, हे शिवणाऱ्या आईलाही सांगता आलं नसतं. आई उजाडताच मजुरीला जायची. मग शेवंती आपल्या वर्षाच्या भावाला, पिल्याला, कडेवर घ्यायची, दप्तर काखोटीला मारायची आणि शाळेत यायची.

तुम्ही म्हणाल, शाळेत बाळाला कोण घेतं? मुळीकबाई घ्यायच्या. वर्गाच्या मधल्या वाशाला त्यांनी आपल्या जुन्या निळ्या साडीची झोळी बांधली होती. बाई एका हाताने फळ्यावर लिहायच्या आणि दुसऱ्या हाताने झोळीची दोरी हलवायच्या. पाढे सुरू झाले की पिल्या झोपायचा आणि पाढे संपले की बरोब्बर जागा व्हायचा. वर्गात सगळ्यांत नियमित तोच होता.

शेवंतीला एक खोड होती. तिला फार प्रश्न पडायचे. मुंगीला ओझं नेताना धाप लागते का? भोपळ्याच्या वेलाला कसं कळतं, कुठे काठी आहे ते? घरी कुणाला वेळ नसायचा, म्हणून ती सगळे प्रश्न शाळेत घेऊन यायची. बाई एकाही प्रश्नाला 'गप्प बस' म्हणायच्या नाहीत.

पण शाळेचं छप्पर बिचारं मोडकळीला आलं होतं. रानातली वानरं लाल लाल कौलांवर उड्या मारत, आणि कौलं फुटत. फुटता फुटता इतकी फुटली, की वर्गात बसल्या बसल्या ढग मोजता यायचे. शेवटी तालुक्याहून कागद आला. रविवारी साहेब येऊन छप्पर पाहणार होते. छप्पर धड नसेल, तर सोमवारपासून सगळ्या मुलांनी ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत जायचं.

सगळी मुलं म्हणाली, जाऊ. शेवंतीने मात्र झोळीकडे पाहिलं. इतक्या लांब पिल्याला कडेवर घेऊन कसं जायचं? आणि त्या शाळेत झोळी कोण बांधू देणार? छप्पर गेलं तर शेवंतीची शाळाच संपणार होती. तिला फार रडू आलं, पण पिल्या बघत होता, म्हणून ती रडली नाही.

शाळेमागे एक छोटीशी परसबाग होती. तिथे जांभळी जांभळी वांगी, हिरवेगार दोडके आणि लालचुटूक टोमॅटो होते. खिचडी शिजवणाऱ्या हौसाक्का त्यातलंच काहीबाही खिचडीत टाकत. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या जून झालेली कोथिंबीर उपटायला निघाल्या.

"आक्का, एक रोप ऱ्हाऊ द्या की," शेवंती म्हणाली. "फुलाचं धनं कसं हुतं, ते बघायचंय मला."

"तुझं आपलं कायतरीच," हौसाक्का म्हणाल्या, पण एक रोप त्यांनी ठेवलं.

शेवंतीने वाकून पाहिलं. पांढरी, किंचित गुलाबी, इवली इवली फुलं. आणि त्या फुलांच्या छत्रीखाली मोहरीएवढी नथ घातलेली एक इटुकली परी बसली होती. तिचे पंख वांग्याच्या फुलासारखे जांभळे होते आणि त्यांवर दवाचे कण चमचमत होते.

"बरं झालं बाई," परी म्हणाली. "घर मोडता मोडता वाचलं. तू माझं घर वाचवलंस, आता तुझी एक इच्छा मी पुरी करीन."

दुसरी कुणी असती तर आनंदाने नाचली असती. शेवंतीने विचारलं, "तुला थंडी न्हाई वाजत इथं?"

"वाजते," परी म्हणाली. "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता माझे नियम ऐक. पहिला, स्वतःसाठी काही मागायचं नाही. दुसरा, मी नवीन काही घडवत नाही. जे आहे, तेच इकडचं तिकडे करते. आणि तिसरा, मागण्याआधी गावातल्या तीन जणांना विचारून यायचं, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मधे बोलायचं नाही."

तिसरा नियम ऐकून शेवंतीला घामच फुटला. पण ती म्हणाली, "मग आमच्या बाईंना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार दे. त्यांचं लई नाव झालं, तर त्यांची शाळा कोण बंद करंल?"

"त्याला अर्ज लागतो गं," परीने नाक मुरडलं. "आपणच फाईल करायची, आपणच आपले फोटो चिकटवायचे आणि मी किती गुणाची, हेही आपणच लिहायचं."

"मग बाईंनी का न्हाई लिहिलं?"

"ते मला काय विचारतेस? त्यांनाच विचार."

शेवंती धावत बाईंकडे गेली. बाई हसल्या. "अगं, फाईल करत बसले असते, तर तुमच्या वह्या कुणी तपासल्या असत्या?"

"मग तुमास्नी काय पायजे, बाई?"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. शेवंतीने ओठ घट्ट मिटून घेतले. मग बाई म्हणाल्या, "बारा वर्षं झाली मला इथे. दर कार्यक्रमाला माईक माझ्याच हातात. याला बोलवा, त्याला बसवा, आभार माना. एकदा तरी तुमच्यात सतरंजीवर बसून कार्यक्रम बघावा, असं वाटतं खरं."

दुसऱ्या होत्या सरपंचकाकी. त्या ग्रामपंचायतीत शालींचा ढीग लावत बसल्या होत्या. लाल, पिवळ्या, मोरपंखी, आमसुली. नुसता रंगांचा बाजार भरला होता.

"काकी, छपराचं काय झालं?" शेवंतीने विचारलं.

"तेच तर चाललंय," काकी म्हणाल्या. "छपरासाठी गावानं उठाव केला न्हाई का?" शाळेसाठी गावाने मिळून काही द्यायचं, त्याला तिकडे उठाव म्हणतात. "चांगले पैसे जमले. पण साहेब छप्पर बघाय येणार, म्हणजे त्यांचा सत्कार नको? साहेबांना शाल दिली, तर बाकीच्या पावण्यांनी काय पाप केलंय? गावातल्या मानकऱ्यांचं नाव राहिलं, तर ते रुसणार. एकवीस शाली झाल्या, एकवीस नारळ झाले. वर मांडव आन् फेटं." मग काकींचा आवाज बारीक झाला. "सत्कारातच सगळं संपलं बघ. कौलं तेवढी ऱ्हायली."

शेवंतीच्या जिभेवर सात प्रश्न येऊन उभे राहिले. तिने ते गिळले. काकी वाईट नव्हत्या हो. घरी आलेल्या माणसाला मोकळ्या खांद्याने परत पाठवायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

तिसरे रंगूआबा. त्यांनी सगळ्या वाडीची घरं शाकारली होती.

"कौलांचं काय घेऊन बसलीस पोरी," आबा बिडी विझवत म्हणाले. "समद्यांनी आता स्लॅब टाकल्यात. जुनी कौलं घरामागं परड्यात रचून ठेवल्यात, घरागणिक. अशा दहा शाळा झाकतील."

शेवंतीने श्वास रोखून धरला. आबांचं संपलं नव्हतं.

"कौलं हाईत. वर चढणारा माणूस न्हाई. ह्यो म्हणतो त्यो चढंल, त्यो म्हणतो सरकार चढंल. एकदा का चार गडी वर गेलं, की काम झालंच म्हणून समज. वर जायाला कायतरी कारण पायजे बघ."

शेवंती उड्या मारत परसबागेत आली. "परी, परड्यातली कौलं शाळेवर नेऊन ठेव."

परी कपाळाला हात लावून बसली. "कौल? माझं वजन किती, त्याचं किती? शालीहून जड काही मला उचलत नाही."

शेवंतीचं तोंड एवढंसं झालं. ती पिल्याला खांद्यावर थोपटत बागेतून येरझाऱ्या घालू लागली. वांग्यापाशी गेली, दोडक्यापाशी गेली, परत वांग्यापाशी आली. कौलं आहेत. माणसं आहेत. कारण नाही. मग ती थांबली.

"शाल उचलंल म्हणालीस न्हवं?"

"हो. का?"

"मग रविवारी सत्काराच्या समद्या शाली शाळेच्या छपरावर नेऊन ठेव."

"शालींनी छप्पर झाकतं का कुठे?" परीने विचारलं. पहिल्यांदाच तिला प्रश्न पडला होता.

"न्हाई झाकत," शेवंती म्हणाली. "तू बघ तर खरं."

रविवारी सकाळी शाळेपुढे मांडव सजला. आंब्याच्या डहाळ्या लागल्या. रंगीत पताका फडफडल्या, साहेब आले, गुलाबी फेटे बांधले गेले. मुळीकबाई माईकपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आता मान्यवरांचा सत्कार करण्यात येईल." एकवीस नावांची यादी त्यांच्या हातात होती. बाईंचं स्वतःचं नाव तेवढं यादीत नव्हतं. घरच्या माणसाला कोण शाल देतं?

काकींनी पहिली लाल शाल उलगडली आणि साहेबांच्या खांद्यावर घातली. शाल तिथे बसलीच नाही. ती हळूच उठली, साहेबांच्या फेट्यावरून सरकली आणि चालली वर. तिच्यामागून पिवळी, तिच्यामागून मोरपंखी, मग आमसुली, मग बाकीच्या साऱ्या. उन्हात त्यांचे काठ झगमगत होते. एकेक करून त्या छपरावर जाऊन टेकल्या, आणि शेवटची तर आढ्यावर चढून पाय सोडल्यासारखी बसली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"वाऱ्यानं उडाल्या," कुणीतरी म्हणालं.

"वारा कुठाय?" दुसऱ्याने विचारलं. पताकाही आता गप्प लोंबत होत्या.

"वारं आसू दे नायतर नसू दे," काकी कळवळून म्हणाल्या. "गावाच्या पैशाच्या शाली हाईत. काढा खाली."

मग काय विचारता. शिड्या आल्या. एक चढला, त्याच्या हातून शाल घ्यायला दुसरा चढला, दुसऱ्याची शिडी धरायला आलेला तिसराही चढला. बघता बघता दहा-बारा गडी शाळेवर. वर जाऊन त्यांनी शाली उचलल्या आणि त्यांना खाली दिसलं ते एवढालं भोक. त्या भोकातून आत त्यांच्याच पोरांचा वर्ग दिसत होता. जमिनीवर फुटक्या कौलांचे तुकडे होते, कडेला बाईंनी झाडून लावलेले. मधोमध निळी झोळी होती, आणि झोळीवर बाईंनी एक मोडकी छत्री बांधून ठेवली होती.

खालून रंगूआबांनी हाक दिली. "आता चढलाच हायसा, तर तसंच उतरू नगा. ज्याच्या त्याच्या परड्यातनं कौलं येत्यात वर. घ्या हाताहाती."

आबांचंच म्हणणं खरं ठरलं. बायका उठल्या, पोरं पळाली, परड्यांपासून शाळेपर्यंत माणसांची रांग लागली. कौल या हातातून त्या हातात, त्या हातातून शिडीवर. हौसाक्का रांगेत, काकी रांगेत. साहेबही फेट्यासकट रांगेत उभे राहिले, आणि आपल्याला कुणी मान देईना, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. उन्हं कलली तेव्हा शाळेचं छप्पर नव्या नवरीसारखं लालेलाल दिसत होतं.

मग शेवंती काकींच्या कानाशी लागली. काकींनी ऐकून घेतलं आणि त्या तडक माईककडे गेल्या. "बाई, त्यो माईक आणा इकडं. आज तुमी बसायचं."

मुळीकबाई सतरंजीवर मुलांच्या मधोमध बसल्या. काकी माईकवर दोनदा अडखळल्या, पण बोलल्या. "बाईंनी कुणाला काय काय शिकवलं, त्यानं उठून सांगावं." दूधवाला दादा उठला. "बाईंनी मला घड्याळ शिकवलं. त्यावर माझा धंदा चालतो." हौसाक्का पदराने हात पुसत म्हणाल्या, "मला सही शिकवली. पयला अंगठा मारत हुते." असे एकामागून एक उठत राहिले. बाई आधी हसल्या आणि मग रडल्या. कुणी त्यांना शाल घातली नाही, नारळ दिला नाही, आणि त्यांनाही त्याची आठवण झाली नाही.

साहेबांनी जाताना शेरेबुकात लिहिलं, 'शाळा इथेच राहील.' आणि काकी शाली घेऊन दुकानात परत करायला गेल्या.

सोमवारी सकाळी वर्ग भरला. रंगूआबांनी छपरात मधोमध एक काचेचं कौल बसवलं होतं. त्यातून सोन्याचा कवडसा खाली उतरला आणि शेवंतीच्या पाटीवर येऊन थांबला. त्या कवडशात परी बसली होती. तिच्या फुलांचे आता इवले इवले धने झाले होते, आणि तिची जायची वेळ झाली होती.

"शेवंती," ती हळूच म्हणाली, "नियम मीच केलेत, आज मीच मोडते. तुझ्यासाठी काही माग. पैंजण? रेशमी परकर? खाऊचा डबा?"

"श्शू," शेवंतीने ओठांवर बोट ठेवलं. "थांब जरा. बाई कायतरी सांगत्यात."

परी तिच्याकडे बघत राहिली. मग ती गोड हसली, तिने पंख पसरले, आणि कवडसा एकदम इतका उजळला की सगळ्या वर्गाचे डोळे दिपले. उजेड विरला तेव्हा पाटीवर कुणी नव्हतं.

शेवंतीला ते कळलंही नाही. तिचा हात वर गेला होता.

"बाई, काचंतनं ऊन आत येतं, मग कौलातनं का न्हाई येत?"

"छान विचारलंस," मुळीकबाई म्हणाल्या, आणि खडू घेऊन फळ्याकडे वळल्या.